पंधरा की पन्नास

फोन आला तेव्हा मी डबा नुकताच उघडला होता. मार्च २०२४, दुपारचे दोन. खाली पॅकहाऊसमध्ये बायका जेवायला बसल्या होत्या, त्यामुळे पॅकिंगच्या टेबलांवर शांतता होती, फक्त प्रीकूलिंगच्या खोलीचा घुमणारा आवाज वरपर्यंत येत होता. पलीकडे इंग्लंडचा खरेदीदार. आमचा द्राक्षांचा कंटेनर त्यांच्याकडे पोहोचला होता, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. त्यांच्या माणसाने पॅलेट उघडून पाहिले होते आणि माल मऊ पडला होता. सगळा प्रश्न आता नुकसान किती धरायचं, एवढाच होता. तो म्हणाला, ‘फिफ्टी पर्सेंट.’ मला ऐकू आलं ‘फिफ्टीन’. मी हलगर्जीपणा केला असंही नाही, उलट विचारलं, ‘फिफ्टीन पर्सेंट, सर?’ तो म्हणाला, ‘येस, फिफ्टी.’ मी वहीत १५ लिहिलं, त्याला गोल केला, थँक यू म्हटलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. ‘पंधरा ना? मग निभावलं, ताई.’ त्यांनी लगेच बागायतदाराला फोन लावला. दिंडोरी तालुक्यातलेच एक काका, तीन एकर बाग, त्या कंटेनरमध्ये बराचसा माल त्यांचाच. आवाज माझ्यापर्यंत येत होता. ‘पंधरा टक्के धरा. बाकीचं सगळं ठीक.’ काका काहीतरी बोलले आणि साहेब हसले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मेल आला, फोटोंसकट. देठ तपकिरी पडलेले, मणी चिकट, पनेटच्या, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्याच्या, तळाला रस. आणि आकडा पन्नास. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘ताई, तुम्ही तर पंधरा म्हणाला होता.’ मग त्यांनी पुन्हा तो फोन लावला. या वेळी मी केबिनच्या बाहेर आले, तो फोन ऐकणं मला शक्य नव्हतं.

नुकसान माझ्यामुळे झालं नव्हतं, ते समुद्रातच झालं होतं. पण त्या घरात तीन तास पंधरा टक्के होते. त्या तीन तासांत काकूंनी चहा केला असेल, मुलाला सांगितलं असेल, सोसायटीच्या हप्त्याचा हिशोब मनाशी जुळवला असेल. ते तीन तास मी दिले आणि मीच परत घेतले. अजूनही कधी रात्री जाग आली की मला तो गोल केलेला आकडा दिसतो.

मी विचारलं होतं ना, मग चुकलं कुठे?

हे समजायला मला काही महिने लागले. त्याने ‘फिफ्टी’ म्हटलं, मी ‘फिफ्टीन’ म्हटलं, आणि दोघांनाही समोरचा आपलंच म्हणणं परत म्हणतोय असं वाटलं. माझ्या तोंडून दोन्ही शब्द जवळपास सारखेच निघतात. आपण मराठी माणसं शब्दाची सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, तागडीत घालून मोजल्यासारखी. इंग्रजी माणूस एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची उरकतो. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर, शेवटची ‘टी’ आखूड. ‘फिफ्टीन’ सुटा म्हटला की जोर ‘टीन’वर, आणि तो ‘टीन’ लांबवलेला. तो बिचारा माझ्या बोलण्यात ती लांबी शोधत असणार, ती तिथे नव्हतीच. आणि मी त्याच्या बोलण्यात शेवटचा ‘न’ शोधत होते, तो फोनवर नीट ऐकू येत नाही. माझ्या तोंडाला जो फरक करता येत नव्हता, तो माझ्या कानालाही पकडता आला नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं, तेव्हा माझं शिक्षण संपत आलं होतं. निफाडच्या पुढे आमचं गाव, दोन खोल्यांची शाळा, आणि इंग्रजी म्हणजे फळ्यावर डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मराठीचं श्रुतलेखन असायचं, बाई वाचायच्या आणि आम्ही लिहायचो, काना-मात्रा-वेलांटीसाठी कान टवकारून. इंग्रजीला स्पेलिंग पाठ असायचं. म्हणजे इंग्रजी आमच्यात डोळ्यांतून शिरलं आणि डोळ्यांतच राहिलं. आजही व्यवहाराचं कुठलंही पत्र, करारातली बारीक अक्षरातली कलमंसुद्धा, मी न अडखळता वाचते. तेच शब्द कोणी बोललं की ओळखीचा माणूस गर्दीत पाठमोरा जावा तसे निघून जातात. गावातल्या ज्या माणसांनी इंग्रजीचं एक अक्षरही वाचलं नाही, त्यांच्याकडे मात्र ते कानातून आलं. क्रेटचं कॅरेट झालं, पंक्चरचं पंचर, टेम्पररीचं टेंपरवारी. आम्ही शिकलेली पोरं त्यांचे उच्चार सुधारायचो. आता वाटतं, त्यांनी निदान ऐकलं तरी होतं.

त्या पावसाळ्यात मी ऐकायला सुरुवात केली. नाशिकच्या निमाणीपाशी कंपनीची गाडी सकाळी सव्वासातला येते. म्हसरूळ, ढकांबे, अक्राळे असं करत पॅकहाऊसला पोहोचायला पाऊण तास तरी जातो. तो पाऊण तास मी इंग्रजीला दिला. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ नावाचा कार्यक्रम आहे. दोघं जण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न आणि तीन पर्याय देतात, उत्तर शेवटी सांगतात. विषय साधे असतात, झोप, शेजारी, स्वयंपाक, कधी हवामान, कधी पैसा. सहा मिनिटं म्हणजे म्हसरूळसुद्धा ओलांडत नाही. पहिल्या आठवड्यात मी ती सहा मिनिटं चार-चार वेळा ऐकायची आणि उतरताना हाताला काय लागलं म्हटलं तर सुटे सुटे शब्द, परडीत फुलं असावीत आणि दोरा नसावा तसे. भाच्याने मग सांगितलं की अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचं प्रसारण सुरू केलं होतं, जेमतेम दीड हजार शब्दांत आणि मुद्दाम संथ वाचलेलं. त्याचे जुने भाग मिळतात. ते ऐकले आणि मला पहिल्यांदा एक आख्खी बातमी डोकं न शिणता कळली. त्या दिवशी मी गाडीतून उतरले तेव्हा डोळे भरून आले होते. ऊन नुकतं पडलं होतं, बागांवर खरड छाटणीनंतरची नवी पानं होती, आणि एक बातमी, कुठल्या तरी दूरच्या धरणाची, मला पूर्ण कळली होती.

संथ ऐकून पाया झाला, पण फोनवर कोणी संथ बोलत नाही. मग मी माझी एक रीत बसवली. एकदा नुसतं ऐकायचं, काही न लिहिता. दुसऱ्यांदा तीस सेकंदांचा तुकडा घेऊन, थांबवत थांबवत, वहीत देवनागरीत लिहायचं, जसं ऐकू येईल तसं. मग छापील मजकूर उघडायचा. ही देवनागरीची युक्ती मला फार उपयोगी पडली, कारण रोमन लिपीत लिहायला गेलं की हात स्पेलिंग लिहितो, कान काय म्हणाला ते लिहीत नाही. माझ्या वहीत ‘टेम्प्रचर’ आहे. हा शब्द मी दिवसातून वीस वेळा लिहिते, कंटेनरच्या प्रत्येक कागदावर तो असतो, आणि फोनवर तो मी कित्येक वर्षं ओळखला नव्हता, कारण मी ‘टेम्परेचर’ची वाट बघत बसायची. ‘कम्फ्टबल’ आहे. ‘व्हेज्टबल’ आहे. ‘नॉटटॉल’ आहे, त्यावर मी एक अख्खी सकाळ घालवली आणि मजकूर उघडला तेव्हा ते साधं ‘नॉट ॲट ऑल’ निघालं. ‘ऑफ’ आणि ‘टू’ आणि ‘कॅन’ ही लहानखुरी माणसं तर वाक्यात नावापुरतीच असतात, मोठ्या शब्दांच्या पदराआड लपून जातात.

याचा मला राग यायचा. लिहिता एक आणि बोलता भलतंच, असं वाटायचं. तो राग आमच्या कोल्ड स्टोरेजच्या इंजिनिअरने घालवला. ते केरळचे. पुस्तकावरून मराठी शिकले, आणि छान शिकले. एकदा ड्रायव्हरने त्यांना फोनवर सांगितलं, ‘येऊ ऱ्हायलो, साहेब.’ हे माझ्याकडे आले आणि अगदी मनापासून काळजीने म्हणाले, ‘मॅडम, हा इथे राहायला येतोय का? खोलीची व्यवस्था करायची?’ मी समजावलं की ‘येतो आहे’ असं तो म्हणतोय, आमच्याकडे असंच बोलतात. ते म्हणाले, ‘पुस्तकात नाही.’ खरंच नाही. नाशिककर दिवसातून शंभरदा ‘करू ऱ्हायलो, जाऊ ऱ्हायलो’ म्हणतो आणि ते कुठल्याही व्याकरणाच्या धड्यात नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. माझ्या चेहऱ्यावर फोन ठेवताना तेच असायचं.

गाडीत माझ्या एका कानात इअरफोन असतो, दुसरा मोकळा. मागच्या सीटवर सुरगाण्या-पेठेकडच्या बायका असतात, हंगामापुरत्या इथे राहिलेल्या. त्या आपसात कोकणा बोलीत बोलतात. पहिल्या वर्षी मला त्यातलं फार थोडं कळायचं. आता त्यांची भांडणं कळतात, मुलांची आजारपणं कळतात, कोणाच्या नवऱ्याने किती उचल घेतली तेही कळतं. ते मी कधी शिकले? वही नाही, मजकूर नाही. त्या बायकांची आयुष्यं ठाऊक होत गेली तशी बोली उघडत गेली.

इथे मला दादा आठवतात. दादा म्हणजे माझे वडील. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते मला लासलगावला कांदा घेऊन जायचे. ट्रॉलीत कांद्याच्या ढिगावर गोणपाट टाकून मी बसायची, खालून कांद्याची ऊब लागायची आणि हवेत तो गोडसर-तिखट वास. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा, आणि त्या रांगेतून लिलाव चालत यायचा. हो, चालत. समितीचा माणूस पुढे, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका. एका ट्रॉलीपाशी थांबत, मूठभर कांदे हातात घोळवत, आकडे ओरडत, आणि मिनिटभरात पुढच्या ट्रॉलीकडे. मला त्या ओरडण्यातलं काहीही कळायचं नाही. मराठीच होतं, आकडेच होते, पण नुसता गलका ऐकू यायचा. घोळका आमच्याकडून पुढे सरकला की मी विचारायची, ‘दादा, किती?’ आणि दादा शांतपणे म्हणायचे, ‘दोनशे बारा.’ एकदा मी हट्टाने विचारलं की तुम्हाला कसं कळतं, मला का नाही कळत. ते म्हणाले, ‘मागच्या ट्रॉलीला काय गेला ते मला माहीत असतं. आपला माल कसा आहे ते माहीत असतं. दोनशे तर ठरलेलेच. मी फक्त वरचं ऐकतो.’

मी फक्त वरचं ऐकतो. मला वाटतं, ऐकण्याबद्दल मला आजवर कोणी सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे. कान कोरा बसत नाही. तो आधीच काहीतरी धरून बसलेला असतो आणि बाहेरून फक्त राहिलेलं घेतो. म्हणून तर मला झोपेवरचा कार्यक्रम जड गेला आणि तांबड्या समुद्रावरची बातमी एका दमात कळली. वेगाने वाचलेली, संथबिंथ काही नाही, नेहमीची इंग्रजी बातमी. जहाजांवर २०२३च्या नोव्हेंबरपासून हल्ले सुरू झालेले, कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरलेला, प्रवासाचे दहा-चौदा दिवस वाढलेले. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या टेबलावरून गेलेला होता. २०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं होतं तेव्हाही तसंच. २३ तारखेपासून सहा दिवस कालवा बंद, आणि तो आमचा ऐन हंगाम. जगाला ते नवल होतं, मला त्यात डब्यांची मोजणी दिसत होती. पनेटमध्ये ठेवलेल्या गंधकाच्या पॅडचं बळ किती दिवस पुरतं, देठ किती दिवस हिरवा राहतो, हे मला माहीत होतं. निवेदिका जेव्हा लांबलेल्या प्रवासाबद्दल बोलत होती तेव्हा मी तिच्या पुढे होते. जगाच्या बातम्या दूरच्या म्हणून अवघड असं मी समजायचे. पण दिंडोरीचा घड आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जातो, तेव्हा दूर म्हणजे नेमकं काय?

आणि मग मनात तो दुसरा विचार आला, नको असलेला. त्या दुपारी माझ्या कानाने काय धरलं होतं?

कंटेनर वळशाने गेला होता. दिवस मलाही मोजता येत होते. माल पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं असेल याचा अंदाज पॅकहाऊसमधल्या कोणालाही बांधता आला असता, मलाही. दादांच्या हिशोबाने ‘फिफ्टी’च ऐकू यायला हवं होतं. पण मला काकांचा चेहरा दिसत होता. छाटणीपासून त्यांनी त्या बागेत काढलेल्या रात्री मला माहीत होत्या, अवकाळीच्या ढगांखाली टॉर्च घेऊन घातलेल्या फेऱ्या माहीत होत्या. मला पंधरा हवे होते. कानाने मला हवं ते दिलं. उच्चार, जोर, लांबी हे सगळं खरंच आहे, मी वर लिहिलं ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. दादा लिलावात कधी चुकले नाहीत, कारण ते जे धरून बसायचे ते त्यांना ठाऊक असलेलं होतं, हवंसं वाटणारं नव्हे. दोनशे बाराला अडीचशे ऐकण्याची इच्छा त्यांना झाली नसेल का? घरी आम्ही तीन भावंडं होतो.

हे मी अजून कोणाला बोलले नव्हते.

भाचा सध्या कॉलेज रोडला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जातो. त्याला आयर्लंडला जायचंय. संध्याकाळी घरी सराव करतो तेव्हा मीही शेजारी वही घेऊन बसते. ऐकण्याच्या परीक्षेत चाळीस प्रश्न, चार भाग, अर्धा तास. पहिल्या भागात रोजचं बोलणं असतं, कोणीतरी खोली भाड्याने घेतंय, फोन नंबर सांगतंय, नावाचं स्पेलिंग सांगतंय. पुढे अवघड होत जाऊन शेवटी एक व्याख्यान. आणि सगळं एकदाच ऐकवतात, पुन्हा नाही. भाच्याला याचा ताण येतो. तो चौथ्या भागात तरबेज आहे, कासवांच्या स्थलांतरावर असो की जुन्या इमारतींवर, आणि पहिल्या भागात नंबर चुकवतो. मला उलट जमतं. एकदा एक आकडा निसटला आणि तो वैतागून म्हणाला, ‘मावशी, खऱ्या आयुष्यात कोणीही परत विचारेल ना!’ मी काही बोलले नाही. खऱ्या आयुष्यात मी पंधरा वर्षं परत विचारलं नव्हतं. ‘येस सर, ओके सर’ म्हणत राहायची आणि मेलची वाट बघायची. परत विचारलं तर त्यांना कळेल की हिला येत नाही, ही भीती. ज्या एका दिवशी विचारलं, त्या दिवशी विचारण्याची पद्धत चुकली. त्यांचाच शब्द त्यांना परत दिला, माझ्या उच्चारात. आता विचारते, ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ सुटे आकडे. आपल्याकडेही फोनवर ‘सात की साठ’ असा घोळ होतो तेव्हा आपण ‘सहावर शून्य का?’ असं विचारतोच की. मराठीत विचारताना मला कधी लाज वाटली नाही.

यंदाच्या हंगामात त्याच खरेदीदाराचा फोन आला, जानेवारीच्या शेवटी. बोलणं पॅलेटच्या उंचीबद्दल चाललं होतं आणि मधेच तो काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, ‘सॉरी, पुन्हा सांगाल का?’ त्याने सांगितलं. पुन्हा नाही कळलं. खाली फोर्कलिफ्ट मागे घेत होते, त्याची पीं-पीं चालू होती. मी खिडकी लावली आणि तिसऱ्यांदा विचारलं. छाती धडधडत होती, ते खोटं नाही सांगत. लाइनवर क्षणभर शांतता. मग तो सावकाश बोलला, एकेक शब्द सुटा करून, आणि कळलं, लेबलचा रंग बदलायचा होता, एवढंच. मी वहीत लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं. तो बरोबर म्हणाला. आणि मग, काहीसं चाचरत, त्याने विचारलं की तुमचं नाव मला एकदा नीट सांगाल का, अक्षर-अक्षर करून. इतकी वर्षं बोलतोय, पण पहिल्या फोनवर ते मला नीट ऐकू आलं नव्हतं आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. तो मला कधीच नावाने हाक मारायचा नाही हे तेव्हा लक्षात आलं. मी खिडकीशी उभी राहून स्पेलिंग सांगितलं, मग म्हणून दाखवलं, ‘ज्ञ’वर थांबून. त्याने म्हणून बघितलं. मी नाही म्हटलं, पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं. खाली बायकांनी जेवणानंतर टोप्या चढवल्या होत्या, पट्टा सुरू झाला होता, कॅरेट सरकायला लागले होते. तिसऱ्या वेळी त्याला बरोबर जमलं, जवळजवळ आई म्हणते तसं. मग आम्ही परत पॅलेटच्या उंचीवर आलो.